शंभर वेळा ‘पवर्त’

*ताई, नमस्कार. आम्ही तासगाव तालुक्यातले. अडीच एकर द्राक्षबाग आहे. मोठा मुलगा चौथीला, गावातल्याच झेडपीच्या शाळेत, सेमी इंग्लिशला. वागायला गुणी, पण वाचायला बसवलं की त्याला घाम फुटतो. धड्यातल्या एका ओळीला पाच मिनिटं लावतो आणि तोच शब्द खालच्या ओळीत आला तर पुन्हा पहिल्यापासून सुरू. धाकटी दुसरीत आहे, ती त्याच्या खांद्यावरून बघून भडाभडा वाचते, मग हा वही फेकतो. बाई म्हणतात लक्ष नाही, घरी अभ्यास घ्या. सकाळी एक आणि संध्याकाळी एक अशा दोन शिकवण्या लावल्यात. आता महिनाभर रोज शाळेच्या वेळेला पोटात दुखतं म्हणतो. मिस्टर चिडतात, बोर्डिंगला टाकू, चार फटके बसले की सरळ होईल म्हणतात. ते स्वतः सातवीनंतर शाळेत गेले नाहीत. बँकेत फॉर्म भरायची वेळ आली की चष्मा घरी राहिला म्हणून मला पुढे करतात. सासूबाई म्हणतात, पोटुशी असताना मी ग्रहणात भाजी चिरली, त्याचं हे. मागच्या महिन्यात शाळेत आलेल्या एक मॅडम म्हणाल्या, डिस्लेक्सिया असू शकेल, सिव्हिलला दाखवा, सर्टिफिकेट मिळेल. अपंगाचं सर्टिफिकेट घेतलं तर जन्माचा शिक्का बसेल का? सेमीतून काढावं का? वहीच्या दोन पानांचे फोटो पाठवते. हिशोबाला पोरगा पक्का आहे. ४ किलोच्या ६३ पेट्या म्हटलं की २५२ म्हणून मोकळा होतो. मग अक्षरांचंच त्यानं काय घोडं मारलंय?*

*— एक आई*

तुमचं पत्र वाचायच्या आधी मी फोटो उघडले, आणि पहिल्या पानावरच थांबले.

पान मधोमध फाटलंय. पुन्हा पुन्हा खोडून तिथं भोक पडलंय. पेन्सिल इतकी दाबून धरलेली की मागच्या पानावरही अक्षरं उमटलीत. आणि त्या पानावर तीन शब्द आहेत: ‘दिवस’च्या जागी ‘दविस’, ‘किरण’च्या जागी ‘करिण’, ‘पर्वत’च्या जागी ‘पवर्त’. बाईंनी तिन्हींवर लाल फुली मारलीय. तुम्ही ते शब्द एकदा नीट बघा. त्यात एकही अक्षर गळालेलं नाही. द आहे, व आहे, स आहे, वेलांटीसुद्धा आहे. फक्त वेलांटी शेजारच्या घरात गेलीय. रफाराचंही तेच. ज्याचं लक्ष नाही, तो मुलगा अक्षरं गाळतो, अर्ध्यात सोडतो, वहीत चित्रं काढतो. सगळं सामान गोळा करून आणणारा, पण कुठलं कुठं ठेवायचं हे हाताशी न येणारा मुलगा वेगळा असतो. तुमच्या मुलानं त्या पानावर जेवढे कष्ट केलेत, तेवढे त्याच्या वर्गात क्वचितच कुणी केले असतील.

‘पवर्त’ हा शब्द मी आधी पाहिलाय. नव्वदच्या दशकात मी वाळवा तालुक्यातल्या एका शाळेत नवी शिक्षिका होते. तिसरीच्या वर्गात मागच्या बाकावर एक मुलगा होता. मीही त्याला आळशी समजत होते. एकदा चिडून म्हणाले, ‘पर्वत’ शंभर वेळा लिहून आण. दुसऱ्या दिवशी त्यानं वही आणली. शंभर वेळा लिहिलं होतं, मोजून. शंभरही वेळा ‘पवर्त’. मला वाटलं, मुद्दाम करतोय, माझी चेष्टा करतोय, आणि मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं. पुढे बऱ्याच वर्षांनी विशेष शिक्षणाचा अभ्यासक्रम करताना एका तासाला फळ्यावर वेलांटीची आणि रफाराची अदलाबदल लिहिलेली दिसली, आणि मला त्या वहीचा वास आला. रात्री चिमणीच्या उजेडात त्यानं ती लिहिली असणार. बाईंना खूश करायला लिहिली असणार. तोवर तो मुलगा शाळा सोडून कधीच निघून गेला होता.

म्हणून पहिली विनंती: पाढ्यासारखं घोटून घेणं आजपासून थांबवा. चुकलेलं शंभर वेळा लिहिलं की चूकच पक्की होते.

आता हे होतं कशानं, ते सांगते. बोलणं माणसाला उपजत येतं, कुणी बाराखडी शिकवली नाही तरी मूल बोलू लागतं. वाचन तसं नाही. कानानं ऐकलेला आवाज आणि डोळ्यांनी पाहिलेली खूण यांचा सांधा मेंदूला बसवावा लागतो. बहुतेक मुलांचा तो वर्षा-दोन वर्षांत बसतो, मग शब्द दिसला की उच्चार आपोआप ओठावर येतो. डिस्लेक्सियात हा सांधा फार हळू आणि फार कष्टानं बसतो. तोच शब्द खालच्या ओळीत पुन्हा आला तरी त्याला तो नव्यानं फोडावा लागतो, ते यामुळेच. बुद्धीशी याचा संबंध नाही, आणि डोळ्यांच्या कमजोरीशीही नाही. बागायतदाराचं पोर आहे, तेव्हा एक करून बघा. वेलीचं रोग पडलेलं पान दाखवून विचारा, हा डाऊनी का भुरी? पान उलटून खालचा पांढरा बुरा बघून तो सांगेल, असं मी पैजेवर सांगते. एवढं बारीक पाहणारे डोळे ‘घ’ आणि ‘ध’मध्ये अडखळतात, कारण अडचण पाहण्यात नाहीच.

आपल्या लिपीचीही यात एक गंमत आहे, ती मोठ्यांच्या लक्षात येत नाही. ‘कि’ म्हणताना तोंडातून आधी ‘क’ निघतो, मग ‘इ’. लिहिताना मात्र आधी वेलांटी काढायची, मग ‘क’. ‘पर्वत’मधला ‘र’ तोंडात ‘व’च्या आधी येतो, कागदावर तो ‘व’च्या डोक्यावर जाऊन बसतो. तोच ‘र’ ‘क्र’मध्ये पायाशी तिरपा, ‘ट्र’मध्ये खाली टोपीसारखा, ‘ऱ्या’मध्ये आणखी वेगळा. ज्याचा सांधा सहज बसतो त्याला हे कधी खटकत नाही. तुमच्या मुलाला दर शब्दाला खटकतं. त्यातही मराठीत एक सोय आहे: अक्षर कळलं की उच्चार बहुतेक ठरलेला. त्यामुळे मराठीत अशी मुलं चुकण्यापेक्षा रेंगाळतात जास्त. इंग्रजीत ती सोयही नाही. पी-यू-टी पुट आणि बी-यू-टी बट. सेमीच्या प्रश्नाकडे येते तेव्हा हे आठवा.

ही अडचण काही आजची नाही. ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द १८८७ साली रुडॉल्फ बर्लिन नावाच्या जर्मन नेत्रवैद्यानं वापरला. १८९६ साली इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या सीफर्ड गावच्या डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापली. पर्सी त्याचं नाव. स्वतःचं नाव लिहिताना अक्षरांची अदलाबदल करून तो ‘प्रेसी’ लिहायचा. पण ७४९ गुणिले ८६७ त्यानं झटकन आणि बिनचूक करून दाखवलं. त्याच्या मास्तरांचं म्हणणं डॉक्टरांनी नोंदवून ठेवलंय: सगळं शिक्षण तोंडी असतं, तर हा मुलगा शाळेत सगळ्यात हुशार ठरला असता. तुमच्या पत्रातल्या ६३ पेट्या वाचल्या आणि मला हाच पर्सी आठवला.

मास्तरांच्या त्या एका वाक्यात तुमच्या मुलाची निम्मी वाट आहे. वाचणं ही एक गोष्ट आणि शिकणं ही दुसरी. या दोन गोष्टी सध्या तुमच्या घरात आणि त्याच्या शाळेत एकीला एक बांधलेल्या आहेत. वाचता आलं तरच इतिहास कळणार, लिहिता आलं तरच गुण मिळणार. वाचन मागं राहिलं म्हणून त्याचं सगळं डोकंच मागं राहतंय. ही गाठ सोडवा. वाचनाला रोज थोडा वेळ, वेगळा, सावकाश. आणि बाकीचं सगळं शिक्षण कानानं आणि तोंडानं, त्याच्या वयाच्या पूर्ण वेगानं.

म्हणजे काय करायचं? चौथीचा शिवाजी महाराजांचा इतिहास आहे. तो त्याला वाचायला लावू नका, तुम्ही वाचून दाखवा. भाकऱ्या थापताना एक धडा होतो. मग त्याला म्हणा, आता आजीला सांग अफझलखानाची गोष्ट. तो सांगेल तेव्हा मधे ‘बरोबर सांग’ म्हणून टोकू नका. शास्त्राचा धडा बागेत फिरताना होतो. भूगोल एसटीत होतो. पाठ्यपुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. ती मोबाइलवर उतरवून घ्या. मजकूर वाचून दाखवणारी ॲपही फोनवर असतात. मोबाइल वाईट म्हणून हे टाळू नका. तुमच्या मुलाला हा चष्म्यासारखा आहे.

वाचनाचा वेळ किती? पंधरा-वीस मिनिटं, रोज, शक्यतो सकाळी डोकं ताजं असताना. त्याहून एक मिनिट जास्त नको. संध्याकाळची शिकवणी उद्यापासून बंद करा. आधी संध्याकाळची, कारण दिवसभर शाळेत अक्षरांशी झुंजून आलेल्या पोराला पुन्हा दीड तास तीच झुंज देणं म्हणजे पाय मुरगळलेल्याला पळायला लावणं. सकाळच्या बाईंना हे सगळं समजावून सांगता आलं तर ती ठेवा, नाहीतर तीही बंद करा. त्यातून वाचणारे पैसे पुढे तज्ज्ञाकडे जायला लागतील.

त्या वीस मिनिटांत आधी खेळा, मग वाचा. आवाजांचे खेळ. आपल्याकडच्या गावांची नावं घ्या. ‘तासगाव’मधून ‘गाव’ काढलं तर काय राहिलं? तास. ‘मिरज’मधला ‘मि’ काढला तर? रज. ‘जत’मधल्या ‘ज’च्या जागी ‘म’ घातला तर? मत. ‘विटा’तला ‘वि’ काढून ‘फे’ घाल. फेटा. शब्दाचे तुकडे कानानं करता येणं हाच वाचनाचा पाया आहे आणि नेमका तोच अशा मुलांचा कच्चा असतो. हे खेळायला वही लागत नाही, धाकटीलाही खेळात घेता येतं. मात्र धाकटीला त्याची मास्तरीण करू नका. ‘बघ, तिला येतं’ हे वाक्य घरातून हद्दपार करा. त्या वाक्यानं त्याला वाचता तर येणार नाहीच, वर बहीण नकोशी होईल.

मग ताटात रवा पसरा. बोटानं लिहायचं आणि लिहिताना तोंडानं तो आवाज म्हणायचा. डोळा, कान, हात तिन्ही एकाच वेळी कामाला लागले की सांधा लवकर धरतो. एका आठवड्यात एकच गोष्ट घ्यायची. या आठवड्यात फक्त पहिली वेलांटी: कि, दि, मि, वि. हाताला ती सवयीची झाली की मग शब्द: दिवा, किडा, विळा. रफाराला अजून दोन-तीन महिने हातच लावू नका. आणि जुन्या पत्रिकेच्या जाड कागदाला एक शब्द मावेल एवढी खिडकी कापा. ती ओळीवरून सरकवत वाचायचं, म्हणजे बाकीचं पान अंगावर येत नाही. शेवटची पाच मिनिटं तुम्ही आणि तो एकत्र, एकाच आवाजात वाचा, तुमचं बोट शब्दाखाली. तो अडला तर थांबून त्याची परीक्षा घेऊ नका, तुम्ही शब्द म्हणा आणि पुढे चला.

दोन-चार आठवड्यांत फरक दिसेल असं मी म्हणणार नाही. वर्षं लागतात. वाचन सुधारतं, नीट शिकवलं तर खूप सुधारतं, पण त्याचा वेग कदाचित जन्मभर बेताचा राहील. हा आजार नाही, त्यामुळे याला औषधही नाही. कुणी ब्रेन टॉनिक देईल, कुणी डोळ्याला पट्टी बांधून वाचायला शिकवतो म्हणून हजारोंची फी मागेल, कुणी रंगीत काचांचा चष्मा विकेल. द्राक्षाचे पैसे कसे येतात ते तुम्हाला माहीत आहे. त्यातला एक रुपया या लोकांना देऊ नका.

सासूबाईंना सांगा, ग्रहणाचा आणि विळीचा काही संबंध नाही. दोष तुमचा नाही, तुमच्या गर्भारपणाचा नाही. मेंदूची घडण अशी असते आणि ती बऱ्याचदा घराण्यात चालत येते. यावर शेवटी बोलते.

आता तपासणीचं. दोन फोटोंवरून मी निदान करू शकत नाही, करूही नये. पण ज्या मॅडमनी तुम्हाला सुचवलं त्यांनी योग्य तेच सुचवलंय. त्या बहुधा समग्र शिक्षाच्या विशेष शिक्षिका असाव्यात. पंचायत समितीच्या गट साधन केंद्रात त्यांची गाठ पडेल. आधी डोळे आणि कान तपासून घ्या, कारण तिथं दोष असेल तर तो सोपा आणि वेगळा. मग सांगलीला वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालयात बालरोग विभागात जाऊन अध्ययन अक्षमतेच्या तपासणीचा वार विचारून या. शाळेत वर्षातून एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं डॉक्टरांचं पथक येतं, त्यांच्या चिठ्ठीवरही पुढे पाठवतात. तपासणीत मानसशास्त्रज्ञ आधी बुद्ध्यांक बघतात, मग वाचन, लेखन, गणित वेगवेगळं तपासतात. सुई नाही, यंत्र नाही, पण एका खेपेत होत नाही. आठ वर्षांच्या आत पक्कं निदान करत नाहीत, तुमचा मुलगा त्या पुढे गेलाय, त्यामुळे आता थांबायचं कारण नाही. जाताना ही फाटलेली वही घेऊन जा. घरी नीट लिहून घेतलेली नवी वही नको.

शिक्क्याची भीती मला कळते. आपल्याकडे ‘लग्नाला आडवं येईल’ हा विचार मूल चौथीत असल्यापासून मनात असतो. तर सरळ सांगते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानं दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून एकवीसवर नेले, त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आली आणि तिच्यात डिस्लेक्सिया. प्रमाणपत्र तुमच्या कपाटात राहतं. शाळेला आणि बोर्डाला दाखवायचं, गावाला दाखवायची गरज नाही. त्यातून मिळतं काय? आपल्या राज्यात १९९६ पासून दहावीला अशा मुलांना सवलती आहेत. जादा वेळ मिळतो, दर तासामागे वीस मिनिटं. गरज असेल तर लेखनिक मिळतो, म्हणजे हा सांगणार आणि दुसरा लिहिणार. शुद्धलेखनाचे गुण कापत नाहीत. सांगलीच्या शाळांना कोल्हापूर विभागीय मंडळ लागतं, तिथं शाळेमार्फत प्रस्ताव जातो, आणि ऐनवेळी धावपळ केली तर कागद अडतात. ज्याचं डोकं तोंडी २५२ सांगतं त्याला पेपरात ते मांडायला वीस मिनिटं जास्त मिळाली तर हा शिक्का कसला? शिक्का त्याच्यावर आत्ताच बसलाय. ‘ढ’चा. ब्राह्मी लिपीपासून ज्या अक्षराचं रूप बदललंच नाही ते ‘ढ’, म्हणून जो पुढे सरकत नाही तो ढ, असं या शब्दामागचं कारण सांगतात. बाराखडीतलं एक अक्षर उचलून आपण पोरांच्या कपाळाला चिकटवतो. तो शिक्का पुसायचा असेल तर कागदावर खरं कारण लिहून घेतलेलं बरं.

बाईंशी भांडू नका. दोन वर्ग, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती भरणं, यातून त्यांना एकेका मुलाकडे बघायला किती वेळ मिळतो ते मी भोगलंय. शाळा सुटल्यावर निवांत जा, मुलाला बरोबर नेऊ नका. चार गोष्टी मागा. वर्गात अचानक उभं करून प्रकट वाचन नको, उद्या कुठला उतारा आहे ते आदल्या दिवशी सांगा, तो घरून तयार करून येईल. फळ्यावरचं सगळं उतरवून घ्यायला लावू नका, एका मैत्रिणीच्या नाहीतर मित्राच्या वहीचा फोटो चालेल. परिसर अभ्यासात उत्तर बरोबर असेल तर वेलांटीपायी गुण कापू नका. आणि आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या तपासणीत, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम ही साधनं असतातच, त्यांचा त्याच्यासाठी पुरेपूर वापर करा. यातलं काहीही नियमाबाहेरचं नाही. आणि बोर्डिंगच्या फटक्यांबद्दल: मुलाला मारणं आणि त्याचा मानसिक छळ करणं, दोन्ही शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमानं बंद आहे. पण कायदा बाजूला ठेवा. मारानं वेलांटी जागेवर येत असती तर माझ्या त्या विद्यार्थ्याची आली असती.

पोटदुखी खोटी नाही. भीतीनं खरंच पोटात कळ येते. डॉक्टरांना एकदा दाखवा, आणि कुठल्या दिवशी जास्त दुखतं ते कॅलेंडरवर खूण करून ठेवा. मराठीच्या वाचनाचा तास ज्या दिवशी पहिला असतो त्याच दिवशी दुखत असेल तर कारण तुमच्या हातात आलं. बाईंशी बोलणं झालं की बहुतेक कमी होईल. पण जेवण तुटलं, झोप उडाली, ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असं काही बोलला, तर वाट बघू नका. १४४१६ ही टेलिमानसची मोफत सरकारी हेल्पलाइन आहे, त्यावर त्याच दिवशी बोला.

सेमी इंग्लिशबद्दल माझं मत: पाचवीला गणित आणि शास्त्र मराठीतून घ्या. गणित हा त्याचा बालेकिल्ला आहे. तो इंग्रजी शब्दांच्या कुलपात बंद झाला तर त्याच्याकडे हुशार असल्याची एकही जागा उरणार नाही. इंग्रजी विषय म्हणून राहीलच, ती बोलून-ऐकून शिकू दे. मात्र त्यासाठी गाव आणि मित्र सोडावे लागणार असतील तर शाळा बदलू नका, मित्र जास्त मोलाचे आहेत. शिष्यवृत्तीचे जादा तास यंदा नकोत. शेजारच्या मुलाचा सातारच्या सैनिक स्कूलचा क्लास सुरू झाला म्हणून मनात कालवाकालव होईल, ती होऊ द्या.

आणि त्याला सांगा. हे सगळ्यात आधी करा. लपवून ठेवलं की मूल स्वतःच कारण शोधतं, आणि त्याला सापडणारं कारण नेहमी ‘मी मूर्ख आहे’ हेच असतं. मोठे शब्द नकोत. म्हणा, “बाकीची पोरं तासगावहून सांगलीला सरळ जातात. तुझी गाडी विट्यावरून फिरून जाते. पोचते, पण डिझेल जास्त जळतं आणि उशीर होतो. गाडीत बिघाड नाही. आपण दोघं मिळून जवळचा रस्ता बांधतोय, वेळ लागेल.” तो विचारेल, मला हे का झालं? तेव्हा इथून पुढचं सांगायचं का, ते तुमच्या मिस्टरांनी ठरवायचं.

कारण त्यांच्याबद्दल तुम्ही जे लिहिलंत, ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. सातवीत सुटलेली शाळा. बँकेत घरी राहणारा चष्मा. मी त्यांना पाहिलेलं नाही, काही ठरवून टाकणार नाही. पण पोराच्या वहीवर सगळ्यात जास्त चिडणारा बाप पुष्कळदा ती वही ओळखत असतो. फटके बसले की सरळ होईल, असं त्यांना कुणीतरी शिकवलंय. मी ज्या काळात शिकवत होते त्याच काळात ते शाळेत असतील, माझ्यासारख्याच एखाद्या बाईसमोर, कदाचित मागच्या बाकावर. त्या बाईनं त्यांना आळशी म्हटलं असेल आणि ते इतकी वर्षं ते खरं मानून चालले असतील. आज तेच अडीच एकर बाग सांभाळतात, छाटणीची तारीख, औषधाचं प्रमाण, बाजाराचा भाव डोक्यात ठेवतात. ती बाई मी नव्हते. पण तिच्या वतीनं मी त्यांची माफी मागते, मनापासून.

‘बापाला पण असंच व्हायचं’, हे वाक्य मुलाला त्यांच्या तोंडून ऐकायला मिळालं तर माझ्या या पानभर सल्ल्यापेक्षा त्याला त्याचा जास्त आधार होईल. पण ते त्यांच्याकडून ओढून काढू नका. त्यांना वेळ लागेल.

हे उत्तर त्यांच्या हातात वाचायला देऊ नका. जेवणं झाली, धाकटी झोपली, की त्यांना वाचून दाखवा. सावकाश वाचा. मुलगा शेजारी बसला असेल तर बसू द्या.